शिक्षेच्या मुद्द्यावर सव्वा पान

खुनाच्या खटल्यात आरोपी दोषी ठरला की त्याला फाशी द्यायची की जन्मठेप यावर वेगळी सुनावणी होते, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. आणि ती किती वेळ चालते हे सांगितलं तर कुणाचा विश्वास बसत नाही. मी सेशन्स कोर्टात स्टेनो होते, सगळी नोकरी तिथेच गेली, आता रिटायर झालेय म्हणून मोकळेपणाने लिहिते. जिल्ह्याचं, साहेबांचं म्हणजे न्यायाधीशांचं, कुणाचंच नाव लिहिणार नाही, त्याची गरजही नाही.

खटला असा होता. घराचं वाढीव बांधकाम चालू असताना तिथे बिगारी म्हणून राबलेला एक तरुण, घरात कोण कधी असतं हे त्याला पक्कं ठाऊक. 2014 मध्ये एका दुपारी तो दागिन्यांसाठी घरात शिरला. बाईने ओळखलं, म्हणून तिला मारलं, आणि तिचा सात वर्षांचा मुलगा शाळेतून लवकर आला होता म्हणून त्यालाही. फिर्याद बाईच्या वडिलांची. दागिने त्याच्याकडूनच जप्त झाले होते, कपड्यांवर रक्त होतं, शेजारणीने त्याला मागच्या दाराने जाताना पाहिलं होतं. म्हणजे माणूस हाच की दुसरा, अशी शंका या केसमध्ये मला कधी आली नाही, हे आधीच सांगून टाकते.

स्टेनोचं काम म्हणजे टायपिंग असं लोकांना वाटतं. पण खुनाच्या केसमध्ये डॉक्टरची साक्ष घेणं काय असतं ते आमच्याकडून ऐका. पीएम नोट्समध्ये, म्हणजे शवविच्छेदनाच्या अहवालात, रकाना 17 असतो, बाहेरच्या जखमांचा. प्रत्येक जखमेची जागा, लांबी, रुंदी, खोली, कडा कशा आहेत, जिवंतपणी झालेली की नंतरची, हे सगळं डॉक्टर सांगतात, साहेब डिक्टेट करतात आणि आपण लिहायचं. सेंटीमीटरचा एक आकडा इकडचा तिकडे झाला तर आरोपीचा वकील उलटतपासणीत तेवढाच धरून बसतो, हत्याराचं पातं आणि जखम जुळत नाही म्हणतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. माझ्या टाइप केलेल्या साक्षींवर हायकोर्टात कधी प्रश्न आला नाही याचा मला अभिमान आहे. तर त्या मुलाच्या दोन्ही तळहातांवर जखमा होत्या, वार अडवताना झालेल्या. ते टाइप करून झाल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं आणि परत येऊन पुढचा साक्षीदार लिहिला. त्या दिवशी कुणी मला विचारलं असतं तर मी म्हणाले असते, खटका मीच ओढते.

हे मुद्दाम लिहितेय, कारण फाशीच्या विरोधात बोललं की लोक म्हणतात तुमच्या घरात झालं असतं तर कळलं असतं. माझ्या घरात नाही झालं, पण माझ्या टेबलावरून ते गेलंय, जखमेवर जखम.

खटला पाच वर्षं चालला. का, ते पण सांगते. सीए रिपोर्ट, म्हणजे रक्त वगैरेंच्या रासायनिक तपासणीचा अहवाल, यायला वर्षाच्या वर गेलं. एक पंच, म्हणजे जप्तीच्या वेळचा साक्षीदार, फितूर झाला, दुसऱ्याला समन्सच बजावलं जाईना कारण तो ऊसतोडीला गेलेला. डॉक्टरची बदली झाली. आरोपीला जेलमधून आणायला पोलीस गार्ड मिळाला नाही म्हणून तारीख, बंदोबस्त आहे म्हणून तारीख, साहेबांची बदली, नवे साहेब, परत तारीख. त्यात सुरुवातीला आमच्याकडच्या वकील मंडळींनी ठराव केला की या आरोपीचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही. असले ठराव बेकायदेशीर आहेत असं सुप्रीम कोर्टाने 2010 मध्येच स्पष्ट सांगितलंय, तरी होतात, आणि ठराव करणारे पेपरात फोटो देतात. ज्याला कुणी वकील नाही त्याच्याविरुद्धचा निकाल वर टिकत नाही एवढं तरी त्यांना कळायला हवं होतं! शेवटी विधी सेवा प्राधिकरणाने दुसऱ्या तालुक्यातला एक तरुण वकील दिला. पोरगा प्रामाणिक होता, पण फाशीची शक्यता असलेली केस त्याने आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतलेली.

बाईचे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, प्रत्येक तारखेला यायचे. मागच्या बाकावर बसायचे आणि तारीख पडली की पट्टेवाल्याला विचारून छोट्या वहीत लिहून घ्यायचे. सरकारी वकील त्यांच्याशी बोलले असतील तर ते फक्त त्यांची साक्ष होती तेव्हा.

2019 च्या शेवटी निकाल आला. सकाळी साडेअकराला साहेबांनी दोषी ठरवलं. कायद्याप्रमाणे, तेव्हा सीआरपीसी म्हणजे जुना फौजदारी प्रक्रिया कायदा होता, त्याचं कलम 235 (2), आरोपीला शिक्षेबद्दल ऐकावंच लागतं, आणि फाशी द्यायची तर 354 (3) खाली विशेष कारणं लिहावी लागतात. सुनावणी जेवणाच्या सुट्टीनंतर ठेवली. म्हणजे त्या तरुण वकिलाला मिळाले साधारण तीन तास, त्यातला अर्धा वेळ तो आरोपीशी पिंजऱ्याजवळ उभा राहून पोलिसांच्या देखत बोलत होता.

सरकारी वकील तयारीनिशी आले होते, त्यांचं काम त्यांनी चोख केलं. फाशी कधी द्यायची यावरचे सुप्रीम कोर्टाचे निकाल, 1980 चा बच्चन सिंग, 1983 चा मच्छी सिंग, त्यातले पाचही मुद्दे, खून कसा केला, हेतू काय, समाजावर परिणाम, गुन्ह्याची व्याप्ती, मेलेली व्यक्ती कोण होती, सगळं क्रमाने. लहान मूल, निःशस्त्र बाई, विश्वासातला माणूस. मी लिहीत गेले. मग बचावाचे वकील उठले. वय कमी आहे, पहिलाच गुन्हा आहे, गरीब आहे, दया दाखवावी. बसले. साहेबांनी आरोपीला विचारलं, तुला काय सांगायचंय? तो म्हणाला, "पोरगी हाय घरी, ल्हान." साहेब थांबले, अजून काही? त्याने मान हलवली. एवढंच. सगळं मिळून सव्वा पान झालं. त्या सव्वा पानातलं त्याच्या बाजूचं म्हणाल तर मोजून पाच ओळी.

बच्चन सिंग निकालाचं नाव सगळे घेतात, दुर्मिळातली दुर्मिळ केस हे शब्द तर आता चहाच्या टपरीवरही ऐकू येतात. पण त्याच निकालात हेही आहे की नुसता गुन्हा बघू नका, गुन्हेगारही बघा, आणि हा माणूस सुधारूच शकत नाही हे सरकारने पुराव्याने दाखवायचंय. पुराव्याने! मी इतक्या वर्षांत त्या मुद्द्यावर सरकार पक्षाने एकही साक्षीदार तपासल्याचं पाहिलेलं नाही. एक सुरा जप्त करायचा तर दोन पंच लागतात, लाखेचं सील, सह्या, लेबल, मुद्देमाल पावती, सगळी साखळी सिद्ध करावी लागते. आणि माणूस सुधारण्यापलीकडे गेलाय हे सिद्ध करायला मात्र कुणी लागत नाही, ते असंच गृहीत धरलं जातं.

साहेब वाईट नव्हते हो. उलट मी ज्यांच्याकडे काम केलं त्यातले ते सगळ्यात कसून काम करणारे. त्या संध्याकाळी ते चेंबरमध्ये उशिरापर्यंत बसले आणि मीही थांबले. त्यांची एक अडचण बाहेरच्यांना कळणार नाही. सेशन्स जजच्या हातात खुनाला दोनच शिक्षा असतात, फाशी किंवा जन्मठेप. पंचवीस वर्षं किंवा तीस वर्षं कसलीही सूट न देता आत ठेवा, अशी मधली शिक्षा फक्त हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्ट देऊ शकतं, हे डिसेंबर 2015 मध्ये घटनापीठाने सांगून टाकलं. साधी जन्मठेप दिली तर चौदा वर्षं झाल्यावर सरकार सुटकेचा विचार करू शकतं. नानांनी मला आधी एकदा जिन्यात विचारलं होतं, "बाई, जन्मठेप म्हणजे चौदाच वर्षं ना?" मी म्हणलं, "नाही नाना, मरेपर्यंत असते, पण सरकार सोडू शकतं." ते म्हणाले, "मग तेच झालं की." खालच्या कोर्टातल्या किती फाशा फक्त या एका कारणामुळे होत असतील असं मला तेव्हापासून वाटत आलंय. मधलं काही हातात नाही म्हणून टोकाचं द्यायचं.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता फाशी सुनावली. साहेबांनी आरोपीला सांगितलं की निकालाची प्रत फुकट मिळेल, अपिलाला तीस दिवस आहेत. तो साहेबांकडे न बघता माझ्या टेबलाकडे बघत होता, तिथे प्रिंटर होता. बाहेर पेढे वाटले गेले, वकिलांतल्याच काहींनी. नानांनी घेतला नाही. मला आजही ओळखीचे लोक पहिला प्रश्न विचारतात तो हा, की साहेबांनी पेनाची निब मोडली का. मोडली. कुठल्याही कायद्यात तसं लिहिलेलं नाही, नुसती प्रथा आहे, पण पाच वर्षांच्या खटल्यातलं लोकांना तेवढंच ऐकायचं असतं.

लोकांना वाटतं झालं, आता फाशी. सेशन्स कोर्टाची फाशी हायकोर्टाने कन्फर्म केल्याशिवाय अंमलात येत नाही, दोन न्यायमूर्ती सगळा पुरावा पहिल्यापासून बघतात. आम्ही सगळं रेकॉर्ड पाठवून दिलं. 2023 मध्ये निकाल आला, फाशी रद्द, तीस वर्षं सूट न देता जन्मठेप. कॉपी आमच्याकडे आली तेव्हा मी ती घरी नेऊन वाचली. दोष सिद्ध होण्याचा भाग तसाच कायम होता. पण शिक्षेच्या भागात पानंच्या पानं होती त्याच्याबद्दल. 2022 च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने फाशीच्या केसेसमध्ये मानसिक तपासणी, जेलमधली वागणूक, घरची पार्श्वभूमी असे रिपोर्ट मागवायला सांगितलं होतं, त्यामुळे हायकोर्टाने ते मागवलेले. त्यात आलं की नवव्या वर्षापासून वीटभट्टीवर, बाप दारूत गेला, लहानपणी ट्रॅक्टरवरून पडून डोक्याला मार लागला होता, नंतर फिट यायच्या. जेलमध्ये लिहायला शिकला, एकही तक्रार नाही.

आता यातलं काहीही त्या मुलाच्या तळहातांपेक्षा मोठं नाही. वीटभट्टीवर वाढलेली हजारो पोरं कुणाला मारत नाहीत, हे मलाही कळतं. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. ही सगळी माहिती 2014 मध्येही होती, त्याच गावात, त्याच जेलमध्ये. पाच वर्षं आमच्या कोर्टात तारखा पडत होत्या, त्यातल्या कुठल्याही तारखेला प्रोबेशन ऑफिसरला, म्हणजे आरोपीच्या घरची माहिती काढणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला, एक पत्र गेलं असतं तर आलं असतं. जिथे वेळ काढायला नको होता तिथे आम्ही पाच वर्षं काढली, आणि जीव घ्यायचा की नाही हे ठरवायला एक दुपार.

आणि चूक फक्त शिक्षेतच होते असंही नाही. आमचा निकाल लागला त्याच 2019 च्या मार्चमध्ये सुप्रीम कोर्टाने नाशिकच्या एका केसमध्ये सहा जणांना निर्दोष सोडलं. याच सुप्रीम कोर्टाने 2009 मध्ये त्या सहाही जणांना फाशी ठोठावली होती, हायकोर्टाने तिघांची जन्मठेप केलेली तीसुद्धा परत फाशीवर नेली होती. दहा वर्षांनी कळलं की डोळ्यांनी पाहणाऱ्या साक्षीदार बाईने पोलिसांच्या फोटोंतून आधी भलतीच चार माणसं ओळखली होती आणि ती बाजू दाबली गेली. सरकारने प्रत्येकी 5 लाख द्यावेत असा आदेश झाला. आणि पुण्यातल्या 1994 च्या खून खटल्यातला फाशीचा एक कैदी 2023 च्या मार्चमध्ये सुटला, कारण गुन्ह्याच्या वेळी तो बारा वर्षांचा होता हे सिद्ध झालं. अठ्ठावीस वर्षांच्या वर आत होता तो. त्या दोन्ही खटल्यांत कुणीतरी स्टेनोने आरोपीचं वय टाइप केलं असणार, साक्षी टाइप केल्या असणार, माझ्यासारख्याच बिनचूक. रेकॉर्डमध्ये जे आलंच नाही ते बिनचूक टाइप करून काय उपयोग.

म्हणून मला फाशी नको वाटते. खुनी माणसाची कीव येते म्हणून नाही, आमची यंत्रणा मी आतून पाहिलीय म्हणून. गार्ड नाही म्हणून तारीख देणारी यंत्रणा कुणाचा जीव घ्यायच्या लायकीची मला वाटत नाही. तीस वर्षं आत ठेवा, सूट देऊ नका, आणि सेशन्स कोर्टालाही ती शिक्षा देता येऊ द्या.

नाना या मताचे नाहीत. हायकोर्टाच्या निकालानंतर ते नक्कल विभागात आले होते, सर्टिफाइड कॉपीसाठी, तिथून माझ्याकडे आले. रागावलेले होते आणि तो राग माझ्यावरही होता. म्हणाले, "मला पेपरात वाचायला मिळालं, बाई. माझी पोर, माझा नातू, आणि मला पेपरात." हायकोर्टात केस कधी उभी राहिली, कोण बोललं, त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. फाशी हवी होती का विचारलं तर आजही हवीच म्हणतात, आणि मी त्यांच्याशी वाद घातला नाही, घालणारही नाही. सीआरपीसीच्या जागी आलेल्या नवीन कायद्यात तपास कुठवर आला हे फिर्यादीला नव्वद दिवसांत कळवायचं बंधन पोलिसांवर घातलंय, चांगलं आहे, पण वरच्या कोर्टात काय चाललंय हे घरी कळवण्याची जबाबदारी ज्याच्या टेबलावर असेल असा माणूस मी आमच्या इमारतीत कधी पाहिला नाही.

त्यांनी विचारलं, "आता संपलं का?" मी खरं ते सांगितलं, की तो सुप्रीम कोर्टात जाऊ शकतो, सरकारही जाऊ शकतं. मग त्यांच्या पुतण्याचा मोबाईल घेतला, त्यात ई-कोर्ट्सचं ॲप टाकून दिलं, केस नंबर कुठे घालायचा ते दाखवलं. सुप्रीम कोर्टाचं वेगळं बघावं लागतं, तेही कागदावर लिहून दिलं. पुतण्या म्हणाला बघत जाईन. नानांनी वही काढली आणि तो नंबर स्वतःही लिहून घेतला, आकडे मला परत वाचून दाखवले, एक चुकला होता तो मी दुरुस्त करून दिला.