बडोद्यातल्या पार्किंगचे कॉलम तपासून घ्या

“अमुक तारखेला मोठा भूकंप” असा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर आला तर तो खुशाल पुसून टाका. तारीख, जागा आणि ताकद आधी सांगण्याची खात्रीची पद्धत आजही कुणाकडे नाही. कॅलिफोर्नियात पार्कफील्डला १९९३ च्या आत ६ मॅग्निट्यूडचा भूकंप होईल असं धरून यंत्रं लावली होती. तो आला २००४ मध्ये, आणि त्याची उपयोगी पडेल अशी कुठलीच पूर्वखूण त्या यंत्रांत मिळाली नाही.

भूकंप सुरू झाल्यावरची पूर्वसूचना मात्र शक्य आहे. पहिली लाट सेकंदाला साधारण ६ किलोमीटर धावते, इमारती हलवणारी दुसरी साडेतीन. २००१ च्या कच्छच्या भूकंपाचं भचाऊजवळचं केंद्र बडोद्याहून सुमारे सव्वातीनशे किलोमीटर. जोराचे हादरे इथे यायला दीड मिनिट. भूकंप ओळखून इशारा द्यायला यंत्रणेला लागणारे दहा-पंधरा सेकंद वजा केले तरी लिफ्टमधून बाहेर पडायला आणि गॅसचा कॉक फिरवायला वेळ उरतो. पण १९७० सारखा भूकंप भरूचला झाला, तर जेमतेम काही सेकंदच हातात येतील.

म्हणून खरा भरवसा इमारतीवरच. २००१ मध्ये केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. वरच्या मजल्यांना विटांच्या भिंती, खाली पार्किंगला नुसते कॉलम; सगळं हेलकावणं त्या एका मजल्यावर आलं. त्यात नदीच्या गाळाची जमीन हादरे वाढवते, आणि गाळ बडोद्याखालीही आहे. गच्चीवरची १० हजार लिटरची टाकी म्हणजे माथ्यावर १० टन, हेही विसरू नये.

कॉलमचा जीव रिंगांत, म्हणजे उभ्या सळयांना आडवं वेढणाऱ्या सळयांच्या कड्यांत असतो. रिंगेचं टोक १३५ अंशांत वळवून किमान ६५ मिमी आत, काँक्रीटच्या गाभ्यात जायला हवं. ते बसवायला त्रासाचं, म्हणून फिटर ९० अंशांवर सोडतो. हादऱ्यात बाहेरचं काँक्रीट उडालं की अशी रिंग उघडते, उभ्या सळया बाहेर फुगतात आणि कॉलम बसतो. कॉलमच्या वरच्या आणि खालच्या टोकापासून किमान ४५० मिमीपर्यंत रिंगांमधलं अंतर १०० मिमीहून जास्त नको. बीम-कॉलमच्या सांध्यात तर दाटीमुळे रिंगा सरळ गाळल्या जातात, आणि स्लॅब भरल्यावर ते कुणालाच दिसत नाही. नवं बांधकाम चालू असेल तर स्लॅब भरण्याच्या आदल्या दिवशी स्वतः जाऊन सांधे बघा, फोटो काढा.

जुन्या इमारतीत नुसता रिबाउंड हॅमर (पृष्ठभागावर आपटून काँक्रीटची ताकद अंदाजणारं उपकरण) मारून निकाल घेऊ नका. काँक्रीटचा वरचा थर वर्षांनुवर्षं कडक होत जातो आणि आकडा फुगवून दाखवतो. कोअर, म्हणजे काँक्रीटचा गोल नमुना, कापून काढून तपासा, सळया स्कॅनरने शोधा. मग पार्किंगमध्ये काही ठिकाणी दोन कॉलमांच्या मधल्या जागेत पायापासून वर आरसीसी भिंती घाला, दोन्ही दिशांना आणि समतोल. एकाच बाजूला घातल्या तर इमारत पिळवटते. कॉलमला जॅकेट (भोवती नव्या सळया आणि काँक्रीटचं वेष्टण) करायचं तर नव्या उभ्या सळया स्लॅबला भोकं पाडून वरच्या मजल्यात न्याव्या लागतात. स्लॅबखालीच थांबवलेलं जॅकेट कॉलम जाड करतं, सांधा तसाच कच्चा राहतो.