सिक्स्थ फॉर्मच्या आधीचा उन्हाळा

इयत्ता नववी नाशिकच्या मराठी शाळेत पूर्ण करून मी २०२२ च्या उन्हाळ्यात आईबाबांबरोबर इंग्लंडमधील स्लाऊ येथे आले आणि दोन वर्षांनी, जून २०२४ मध्ये, जीसीएसईची, म्हणजे येथील सोळाव्या वर्षी होणारी शालान्त, परीक्षा दिली. त्यानंतरची दोन वर्षे सिक्स्थ फॉर्मची. वय पाहता ती आपल्या अकरावी-बारावीसारखी असली, तरी येथे बहुतेक विद्यार्थी तीनच विषय घेतात आणि त्यात भाषेची सक्ती नसते. मी गणित, फर्दर मॅथ्स (गणिताचा अधिक प्रगत, वेगळा विषय), भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र असे चार विषय मागितले होते. जानेवारीतील मुलाखतीनंतर सशर्त प्रवेश मिळाला होता. गणितात किमान ८ आणि विज्ञानात ७ ही श्रेणी मिळाली तरच तो पक्का होणार होता. जीसीएसईत ९ ही सर्वोच्च श्रेणी असते.

परीक्षा संपल्यावर शाळेने प्रत्येक विषयाची एक सरावपुस्तिका दिली आणि सप्टेंबरमध्ये त्यावर चाचणी होईल असे सांगितले. गणिताची पुस्तिका उघडताना मला काळजी वाटली नाही. घातांक, करणी, छेदाचे परिमेयकरण, वर्गसमीकरणे हे सारे नववीत किंवा पुढे येथे होऊन गेले होते. पहिल्या दिवशी मी वीस उदाहरणे सोडवली आणि त्यांतली नऊ चुकली.

त्यांतले एक उदाहरण मला अजून पाठ आहे. २क्ष² − १२क्ष + ७ ही राशी पूर्ण वर्गाच्या रूपात लिहायची होती. मी २(क्ष − ३)² − २ असे उत्तर लिहिले. कंसाच्या आत मिळवलेले ९ वजा करायचे हे लक्षात होते. पण बाहेर २ असल्यामुळे प्रत्यक्षात १८ मिळवले गेले आहेत, हे सुटले. खरे उत्तर २(क्ष − ३)² − ११ असे आहे. ही चूक घाईची म्हणून मी सोडून दिली असती. परंतु त्या संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर आजोबांना वही दाखवली, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “बाळा, खालची ओळ वरच्या ओळीतून कशी आली, ते मला बोलून दाखव.” मला ते सांगता आले नाही. मी पद्धत लक्षात ठेवली होती, तिचे कारण नव्हे.

आमच्या वर्षी जीसीएसईच्या गणिताच्या परीक्षेत सूत्रांचा तक्ता पुरवला होता आणि वर्गसमीकरणाचे सूत्रही त्यात होते. ए-लेव्हलला, म्हणजे सिक्स्थ फॉर्मच्या शेवटी होणाऱ्या परीक्षेला, ते सूत्र पाठ असणे गृहीत धरलेले असते. भौतिकशास्त्राच्या ए-लेव्हलमध्ये तर किमान ४० टक्के गुण गणिती कौशल्यावर अवलंबून असतात. रसायनशास्त्रात हे प्रमाण २० टक्के आहे. म्हणजे बीजगणितातील कच्चेपणा मला एका नव्हे, चारही विषयांत अडवणार होता. म्हणून नवीन धडे आधीच वाचून ठेवण्याचा बेत मी सोडला आणि रोज सकाळी पाऊण तास केवळ बीजगणित, तेही कॅल्क्युलेटरशिवाय, असे ठरवले. बाबांना हे मान्य नव्हते. ओळखीतील मुलांनी सुट्टीतच विकलन संपवले आहे, असे त्यांच्या कानावर आले होते. मला मात्र आजही माझाच निर्णय योग्य वाटतो, कारण विकलन शिक्षक पहिल्यापासून शिकवतात, पण अपूर्णांकांची बेरीज पुन्हा कोणीही शिकवत नाही.

भौतिकशास्त्रासाठी केंब्रिज विद्यापीठातून चालवल्या जाणाऱ्या आयझॅक फिजिक्स या मोफत संकेतस्थळाचा मला फार उपयोग झाला. तेथे उत्तर योग्य सार्थ अंकांत (मोजमापाच्या अचूकतेला साजेशा इतक्या अंकांत) आणि योग्य एककासह दिल्याशिवाय ते स्वीकारले जात नाही. ०.४ मिलिमीटर व्यासाच्या तारेचे छेदक्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये काढताना मी तीनदा अडखळले. एकदा त्रिज्येऐवजी व्यास घेतला, आणि दोनदा मिलिमीटरचे मीटर करताना एक हजाराने भागले, परंतु वर्गात ते दोनदा भागावे लागते हे विसरले. शेवटी आधी त्रिज्या मीटरमध्ये लिहायची आणि मगच वर्ग करायचा, अशी सवय लावून घेतली.

रसायनशास्त्राचा अभ्यास सर्वांत सोपा गेला. पोटॅशियमचे इलेक्ट्रॉन संरूपण २, ८, ८, १ असे का होते, तिसऱ्या कवचात अठरा मावत असताना शेवटचा इलेक्ट्रॉन चौथ्यात का जातो, हा प्रश्न मला नववीपासून पडलेला होता. पुस्तिकेतील उपकवचांच्या (कवचाच्या आतील लहान विभागांच्या) पानावर त्याचे उत्तर मिळाले आणि त्या दिवशी मी ठरवल्यापेक्षा दोन तास जास्त वाचत बसले.

२२ ऑगस्टला निकाल लागला. गणितात ९, भौतिकशास्त्र व रसायनशास्त्रात ८ मिळाले आणि प्रवेश पक्का झाला. तरीही फर्दर मॅथ्स ठेवावे की नाही, याबद्दल घरात चर्चा झाली. केंब्रिज किंवा इम्पिरियल कॉलेजला गणिताची पदवी घ्यायची तर हा विषय लागतो, हे आम्हाला माहीत होते; पण चार विषयांचा ताण झेपेल का, ही आईची शंकाही खरी होती. पहिल्या सहामाहीनंतर विषय सोडता येतो असे शाळेने सांगितल्यावर तिने होकार दिला.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गणिताची चाचणी झाली. ५० पैकी ४३ गुण मिळाले. गेलेल्या सातांपैकी चार असमानतेच्या एकाच प्रश्नात गेले, आणि तो भाग मी त्याच शनिवारी पुन्हा केला. त्याच आठवड्यात फर्दर मॅथ्सच्या तासाला बाईंनी फळ्यावर क्ष² − ६क्ष + १३ = ० असे लिहिले. जीसीएसईत याला वास्तव मुळे नाहीत, एवढे लिहून आम्ही थांबत असू. बाईंनी पुढची ओळ विचारली, तेव्हा मी हात वर केला आणि (क्ष − ३)² = −४ असे सांगितले. ही ओळ कशी आली, असे त्यांनी विचारले. मी तेही सांगितले, आणि त्यांनी त्याखाली काल्पनिक संख्येची व्याख्या लिहायला घेतली.