नोकरी करून शिकताना वेळ कुठनं काढायचा

मी कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीत अकाउंट्सला आहे आणि शिवाजी विद्यापीठाच्या दूरशिक्षणातून एम.कॉम. करतोय, घरी पोरं लहान, त्यामुळं वेळ मिळाला की बसू म्हटलं तर तो कधीच मिळत नाही बघा.

मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली ती पोमोडोरो पद्धत. फ्रान्सेस्को सिरिलो या इटालियन माणसानं १९८० च्या दशकात कॉलेजात असताना काढली, २५ मिनिटं अभ्यास, ५ मिनिटं ब्रेक, असे चार झाले की मोठी सुट्टी. मला सलग चार कुठले मिळायला, पण पहाटे दूधवाला यायच्या आधी दोन नक्की होतात, फोन फ्रिजवर, टेबलावर फक्त वही, कॅल्क्युलेटर आणि पोरीचं गजराचं घड्याळ. कॉस्टिंगची गणितं तेव्हाच, डोकं ताजं असतं. थिअरी केएमटीत, म्हणजे आमच्या सिटी बसमध्ये, आणि आधी कालचीच पानं परत, कारण एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ मध्येच दाखवलंय की पाठ केलेलं सुरुवातीलाच सगळ्यात भराभर निसटतं.

रविवारी सकाळी अभ्यास नाही म्हणजे नाही, पोरांना घेऊन रंकाळ्यावर. हे मी फार जपतो. आता मार्चचं इयर एंडिंग कसं बसवायचं तेवढं बघतोय, कुणी सांभाळलं असेल तर सांगा की.