गॉर्डन क्रेगची बहीण: तुम्ही विचारलंत म्हणून

नाट्यशिबिरांत मला गॉर्डन क्रेगवर बोलायला बोलावतात आणि व्याख्यान संपता संपता कुणीतरी हमखास विचारतं, "मॅडम, विषय क्रेगचा होता, मग अर्धा वेळ त्याच्या बहिणीवर का बोललात?" कुणी कुतूहलानं विचारतं, कुणी थोड्या नाराजीनं, कारण परीक्षेत बहिणीवर प्रश्न येत नाही. तिथे उभ्या उभ्या दिलेलं उत्तर अपुरंच राहतं, म्हणून आता सविस्तर लिहिते.

एडवर्ड गॉर्डन क्रेग हा इंग्रज नाट्यदिग्दर्शक आणि नेपथ्यकार आपल्याकडे नाट्यशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाला भेटतो. नटाच्या जागी महाबाहुली मागणारा त्याचा १९०८ सालचा निबंध, उंचच उंच पडद्यांचं नेपथ्य, रशियन दिग्दर्शक स्तानिस्लावस्कींबरोबर मॉस्कोत केलेला १९१२ चा हॅम्लेट. त्याची थोरवी मला पूर्ण मान्य आहे. पण त्यानं प्रत्यक्ष उभ्या केलेल्या प्रयोगांची यादी फार छोटी आहे. त्याच घरात, त्याच आईजवळ, लंडनच्या लायसियम थिएटरच्या त्याच विंगांत वाढलेली त्याची थोरली बहीण मात्र जन्मभर नाटकं बसवत राहिली. नाटककार बर्नार्ड शॉ दोघांनाही जवळून ओळखत होते. त्यांनी म्हटलं होतं, की गॉर्डन काहीही न बसवता युरोपातला सर्वांत प्रसिद्ध दिग्दर्शक झाला आणि एडिथ सगळं काही बसवून सर्वांत अप्रसिद्ध राहिली. शॉ बोलताना ताणायचेच. तरी या वाक्यातला दुसरा भाग मला जसाच्या तसा खरा वाटतो.

एडिथ, म्हणजे सगळ्यांची एडी, ९ डिसेंबर १८६९ रोजी हर्टफर्डशरमध्ये जन्मली. आई एलन टेरी, त्या काळची इंग्लंडमधली सर्वांत लाडकी नटी. वडील एडवर्ड विल्यम गॉडविन, वास्तुविशारद. दोघांचं लग्न झालेलं नव्हतं. एलन तेव्हा कायद्यानं चित्रकार वॉट्स यांची पत्नी होती आणि गॉडविनसाठी ती रंगभूमी सोडून काही वर्षं खेड्यात राहिली. मुलांना लावायला बापाचं नाव नव्हतं. 'क्रेग' हे आडनाव आलं ते स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळच्या एल्सा क्रेग या खडकाळ बेटावरून. एडी सुरुवातीला रंगमंचावर 'एल्सा क्रेग' म्हणूनच उतरली. व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये अशा मुलीच्या वाट्याला काय आलं असतं याची कल्पना करता येईल. पण एलननं मुलांना लपवलं नाही. थिएटरात वाढवलं.

एडीला आधी पियानोवादक व्हायचं होतं. बर्लिनला जाऊन ती शिकलीही, पण संधिवातानं बोटं धरली आणि तो रस्ता बंद झाला. मग प्रसिद्ध नट हेन्री आयर्विंग आणि आईच्या कंपनीत छोट्या-मोठ्या भूमिका, अमेरिकेचे दौरे. नटी म्हणून ती चांगली होती, पण तिचं मन रमलं कपडेपटात. वडिलांना ऐतिहासिक वेशभूषेचा ध्यास होता. कुठल्या शतकात बाही कशी होती, पट्टा कुठे बांधत, हे ते ग्रंथ धुंडाळून काढत. मुलीनं तो ध्यास घेतला आणि त्याला हातांचं कसब जोडलं. १८९९ मध्ये आयर्विंगच्या 'रोबस्पिएर' नाटकाचे कपडे तिनं केले, पुढे वेशभूषेचा स्वतःचा व्यवसायही चालवला. कापड प्रकाशात कसं दिसेल, नट त्यात बसेल कसा, वळेल कसा, हे तिला शिलाईपासून कळत होतं. कपडेपटातून वर आलेला दिग्दर्शक नटाच्या शरीराकडे वेगळ्या नजरेनं बघतो असं माझं ठाम मत आहे, आणि ते एडीचं काम वाचूनच बनलं आहे.

१९०३ मध्ये तिघं एकत्र आली. एलन टेरीनं लंडनचं इम्पीरियल थिएटर घेतलं, गॉर्डननं तिथे इब्सेनचं 'व्हायकिंग्ज' बसवलं, कपडे एडीनं केले. दृश्य म्हणून ते विलक्षण होतं. धंदा झाला नाही, आईचे पैसे बुडाले. गॉर्डन पुढच्याच वर्षी जर्मनीला गेला आणि नंतरचं आयुष्य बहुतेक परदेशातच राहिला. एडी लंडनमध्ये राहिली, आईचे दौरे सांभाळत आणि जिथे मिळेल तिथे नाटक बसवत.

आता येते ती गोष्ट, जिच्यासाठी मी खरं तर हे लिहायला बसले.

डिसेंबर १९०८ मध्ये लंडनच्या नट्यांनी स्त्रियांच्या मताधिकारासाठी 'ॲक्ट्रेसेस फ्रँचाइज लीग' काढली. एडी त्यात मनापासून होती. चळवळीचं वर्तमानपत्र ती रस्त्यावर उभी राहून विकायची. एडीच्या मनात एक भव्य मिरवणूक-नाटक होतं, आणि सिसिली हॅमिल्टननं ते लिहिलं: 'अ पेजंट ऑफ ग्रेट विमेन'. नोव्हेंबर १९०९ मध्ये स्काला थिएटरात एडीनं ते बसवलं. कथा अगदी साधी. न्यायदेवता बसली आहे. तिच्यासमोर स्त्री स्वातंत्र्य मागते. पूर्वग्रह नावाचा पुरुष म्हणतो, ही बुद्धीनं कमी, हिच्यात कर्तृत्व नाही. उत्तर म्हणून इतिहासातल्या स्त्रिया एकेक करून मंचावर येतात: विदुषी, कलावती, संत, वीरांगना, राज्यकर्त्या, योद्ध्या. पन्नासाच्या आसपास. शेवटी पूर्वग्रहाला बोलायला काही उरत नाही.

या योद्ध्यांत जोन ऑफ आर्कच्या रांगेत झाशीची राणी आहे.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ती पात्रांची यादी पुन्हा पुन्हा बघत राहिले. मोरोपंत तांब्यांची मुलगी, १८५८ मध्ये ग्वाल्हेरला ब्रिटिश फौजेशी लढताना पडलेली, आणि एकावन्न वर्षांनी लंडनच्या रंगमंचावर इंग्रज बायका तिला आपला पुरावा म्हणून आणतात. राज्यकर्त्यांच्या गटात राणी व्हिक्टोरियाही आहे. जिच्या सैन्याशी लक्ष्मीबाई लढली ती आणि लक्ष्मीबाई, दोघी एकाच मिरवणुकीत. वर्षही बघा. १९०९. जुलैत मदनलाल धिंग्रांनी लंडनमध्येच कर्झन वायलीवर गोळ्या झाडल्या होत्या आणि ऑगस्टमध्ये त्यांना फाशी झाली होती. सावरकरांचं सत्तावन्नच्या युद्धावरचं, मुळात मराठीत लिहिलेलं पुस्तक त्याच वर्षी इंग्रजीत निघालं आणि त्यावर बंदी होती. त्याच शहरात, त्याच वर्षी, राणी रंगमंचावर येत होती.

यावरून त्या स्त्रियांना साम्राज्यविरोधी ठरवण्याची घाई मी करणार नाही. व्हिक्टोरियाचा तिथला मानच सांगतो की साम्राज्याबद्दल त्यांचा वाद नव्हता. त्यांना हवी होती शस्त्र धरणारी स्त्री, कारण स्त्रिया लढत नाहीत म्हणून त्यांना मत नको असं विरोधक म्हणत. तरीही शत्रूच्या बाजूची राणी त्यांनी वगळली नाही. मला हे मोठं वाटतं.

आणि दिग्दर्शिका म्हणून एडीची हुशारी इथेच दिसते. स्त्री, न्याय आणि पूर्वग्रह या तीन मोठ्या भूमिका. इतिहासातल्या स्त्रियांपैकी बोलते फक्त एक, नॅन्स ओल्डफील्ड नावाची नटी, आणि स्कालात ती एलन टेरीनं केली. बाकी सगळ्या मूक. त्यामुळे नाटक गावोगाव नेता आलं. प्रमुख नट आणि कपड्यांच्या पेट्या लंडनहून यायच्या, मूक भूमिका त्या-त्या गावातल्या बायका करायच्या. ज्यांनी कधी रंगमंचावर पाय ठेवला नव्हता त्या शिक्षिका, गृहिणी, कामगार बायका राणीच्या वेशात प्रकाशात चालत येत. त्यांना फक्त चालायचं असे, पण कसं चालायचं, कुठे थांबायचं, मान किती वर ठेवायची हे एडी शिकवत असे. घोळक्याला शिस्त लावून त्यातल्या प्रत्येकीला वेगळं दिसू देणं किती कठीण असतं, हे ज्यांनी शाळेच्या स्नेहसंमेलनात पन्नास मुलं मंचावर आणली आहेत त्यांना विचारा.

१९११ मध्ये तिनं 'पायोनियर प्लेयर्स' ही संस्था काढली. तेव्हा इंग्लंडमध्ये प्रत्येक नाटकाची संहिता आधी लॉर्ड चेंबरलेन या राजदरबारी अधिकाऱ्याच्या कचेरीत मंजूर व्हावी लागे. सभासदांपुरता खासगी प्रयोग मात्र या जाचातून सुटत असे. म्हणून संस्था वर्गणीवर, आणि प्रयोग बहुतेक रविवारी, कारण त्या दिवशी थिएटरं रिकामी असत आणि व्यावसायिक नट मोकळे. एका नाटकाचा एखादाच प्रयोग. शॉ यांचं 'मिसेस वॉरन्स प्रोफेशन' लॉर्ड चेंबरलेननं अडवलेलं होतं, ते एडीनं १९१२ मध्ये केलं. इंग्लंडनं ही पूर्वपरवानगी १९६८ मध्ये कायद्यानं काढून टाकली. महाराष्ट्रात संहिता आजही परिनिरीक्षण मंडळाकडे जाते, म्हणून रविवारची ही युक्ती वाचताना आपल्या लोकांना काही वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

संस्थेच्या पहिल्याच कार्यक्रमात 'द फर्स्ट ॲक्ट्रेस' ही एकांकिका होती. सतराव्या शतकात पुरुषांनीच स्त्रीभूमिका करायच्या काळात शेक्सपियरच्या 'ऑथेल्लो'तली डेस्डिमोना म्हणून उभी राहिलेली मार्गारेट ह्यूज ही तिची नायिका. लोकांनी हेटाळलेल्या त्या बाईला तिच्यानंतर येणाऱ्या नट्या दिसतात. हे मे १९११ मध्ये. मार्चमध्ये आपल्याकडे 'मानापमान'चा पहिला प्रयोग झाला होता आणि भामिनी होते बालगंधर्व. मराठी मंचावरच्या आपल्या पहिल्या बायकांवर अशी एकांकिका कुणी लिहिली तर मला ती बघायची आहे.

पुढे संस्था परदेशी आणि प्रयोगशील नाटकांकडे वळली. दहाव्या शतकातली जर्मन जोगीण ह्रोत्स्विता, फ्रान्सचा क्लोदेल, रशियाचा एव्रेइनोव्ह. एव्रेइनोव्हचं 'थिएटर ऑफ द सोल' माणसाच्या छातीच्या आत घडतं. एडीनं मंच अंधारात ठेवला, धडधडणाऱ्या काळजाचा लाल उजेड दिला आणि पात्रांचे फक्त चेहरे वेगवेगळ्या उंचीवर उजळले. ही १९१५ ची गोष्ट, युद्ध चालू असतानाची, हातात पैसा नसतानाची. प्रकाशाचा विचार म्हटलं की आपण भावाचं नाव घेतो. बहिणीनं तो विचार उधारीच्या थिएटरात, एका दुपारपुरता, करून दाखवला होता.

१९२० नंतर संस्था थकली. एडी लीड्सच्या आर्ट थिएटरात गेली, चर्चमधली नाताळची नाटकं केली, खेड्यापाड्यांतल्या महिला मंडळांचे पेजंट बसवले. १९२८ मध्ये आई गेली. केंटमधलं स्मॉलहाइथचं तिचं जुनं घर एडीनं संग्रहालय केलं, शेजारच्या धान्याच्या कोठाराचं थिएटर केलं, आणि आईच्या स्मृतिदिनी दरवर्षी तिथे प्रयोग ठेवला. जॉन गिलगुड, सिबिल थॉर्नडाइक असे नट तिथे येऊन काम करत. हिरव्या भुंग्यांच्या चमचमत्या पंखांनी मढवलेला एलनचा लेडी मॅकबेथचा झगा आज बघायला मिळतो तो एडीनं सांभाळला म्हणून. १९३९ मध्ये तिनं ते घर नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेला दिलं. लेखिका ख्रिस्तोफर सेंट जॉन (हे तिनं स्वतः घेतलेलं नाव) १८९९ पासून आणि चित्रकार टोनी ॲटवुड १९१६ पासून, या दोघी एडीबरोबर शेवटपर्यंत राहिल्या. तिघींचं ते एक घर होतं. २७ मार्च १९४७ रोजी एडी गेली.

मग ती विस्मरणात का गेली? माझ्या मते कारण सरळ आहे. गॉर्डननं लिहिलं, रेखाटलं, मासिक चालवलं. ते सगळं ग्रंथालयात राहिलं आणि इतिहास कागदावरून लिहिला जातो. एडीचं काम तालमीत होतं, नटांच्या अंगात होतं, एका रविवारच्या प्रयोगात होतं. त्यात ते स्त्रियांबरोबर, हौशी मंडळींबरोबर, चळवळीसाठी केलेलं. यातलं प्रत्येक कारण एखाद्याला इतिहासाबाहेर ठेवायला पुरतं. कॅथरीन कॉकिन यांच्यासारख्या अभ्यासकांनी स्मॉलहाइथची कागदपत्रं लावली म्हणून आज एवढं तरी सांगता येतं. आपल्याकडे कामगार कल्याण केंद्रांत, महिला मंडळांत, गणेशोत्सवात जन्मभर नाटकं बसवणाऱ्या बायकांची कागदपत्रं कोण लावतंय? ज्यांच्या आईनं, आत्यानं हे काम केलं आहे त्यांनी निदान जुन्या जाहिराती, तालमीच्या वह्या आणि फोटो रद्दीत घालू नयेत. फोटोमागे नावं लिहून ठेवावीत.

आणि शिबिरांतल्या मुलींसाठी एक सुचवणं. 'हाऊ द व्होट वॉज वन' ही सिसिली हॅमिल्टन आणि ख्रिस्तोफर सेंट जॉन यांची १९०९ ची एकांकिका वाचा. बायकांना सांभाळायला पुरुष आहेत, मग मत कशाला, असं सरकार म्हणतं. बायका म्हणतात, ठीक, सांभाळा. नोकऱ्या सोडून देशभरच्या बायका आपापल्या जवळच्या पुरुष नातेवाइकाच्या दारात सामान घेऊन उभ्या राहतात. ब्रिक्स्टनमधल्या होरेस कोल या कारकुनाच्या घरातून मोलकरीण निघून जाते आणि बहीण, मावशी, शिवणकाम करणारी दूरची नातेवाईक, म्युझिक हॉलमध्ये गाण्या-विनोदांचे कार्यक्रम करणारी नटी अशा एकामागून एक येत राहतात. शेवटी मताधिकाराच्या घोषणा देत बाहेर पडतो तो होरेसच. दोन्ही लेखिकांना जाऊन साठ वर्षं उलटली, त्यामुळे आपल्याकडे हक्कांची अडचण नाही. एक खोली, एक दरवाजा, भरपूर स्त्रीपात्रं. एकांकिका स्पर्धेत मुलींना भूमिकाच नसतात ही तक्रार करणाऱ्यांनी ती मराठीत आणावी. तालमींना बोलावलंत तर कपड्यांचं मी बघते.