पेडर रोडचा चढ आणि सासूबाईंनी शिवलेली चंची

२०२३ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये फिनिश लाइन ओलांडली आणि दोन मुलींनी दंडाला धरून मला वैद्यकीय तंबूत नेलं. तिथल्या डॉक्टर मॅडमनी आधी माझ्या मनगटातल्या बांगडीखाली बोट घालून पाहिलं. बोट जाईना. पहाटे सैल असलेली बांगडी मनगटात रुतून बसली होती.

"किती पाणी प्यालात?"

पाण्याचं एकही स्टेशन चुकवलं नाही, दर ठिकाणी थांबून प्याले, असं मी सांगितलं. त्यात मला चांगलंच वाटत होतं.

"आणि खाल्लंत काय?"

त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पहाटे अर्धा कप चहा आणि दोन बिस्किटं, पुढे अठ्ठाविसाव्या किलोमीटरला कुणीतरी हातात दिलेलं एक जेल, म्हणजे पळता पळता गिळायचं, पाकिटातलं गोड चिकट मिश्रण. ते आयुष्यात पहिल्यांदाच तोंडात घातलं होतं आणि दहा मिनिटांत उलटून पडलं. प्रभादेवीच्या पुढे पायांनी ऐकणं सोडलं. ज्याला धावणारे 'वॉल' म्हणतात ती हीच. दम लागला नव्हता, कुठे दुखतही नव्हतं, पण अंगातलं सगळं तेल संपल्यासारखं झालं होतं. पेडर रोडचा चढ मी कठड्याला हात लावत चालले. एकूण वेळ लागला ६ तास १० मिनिटं.

मी साताऱ्याची. जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवते. वय तेव्हा चव्वेचाळीस. आमच्या गावात धावणाऱ्या माणसाकडे कुणी वळून बघत नाही. सातारा हिल हाफ मॅरेथॉनमुळे यवतेश्वरच्या घाटात रोज पहाटे जत्रा असते. शिवाय माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर यांनी मुंबईत भारतीय महिलांमध्ये सलग तीन वर्षं पहिला नंबर काढला, २०१२ ते २०१४, हे आमच्या शाळेतल्या पोरींना पाढ्यांसारखं पाठ आहे. तीन वेळा हिल हाफ, म्हणजे २१ किलोमीटर, पळाले होते, तेव्हा ४२ किलोमीटर म्हणजे २१ ची दुप्पट, असं मी धरून चालले होते. गणिताच्या बाईंचं गणित इथेच चुकलं.

साताऱ्याला परतल्यावर वही घेतली आणि हिशेब मांडला. धावताना वजनाच्या दर किलोला, दर किलोमीटरला साधारण एक कॅलरी लागते. माझं वजन ५८. म्हणजे ५८ गुणिले ४२, जवळजवळ २,४५० कॅलरी. स्नायू आणि यकृत मिळून शरीर साखरेचा साठा करतं तो, सगळा भरलेला असला तरी, २,००० कॅलरींच्या आसपास. रात्रभराच्या उपासात यकृतातला बराचसा उडून जातो. चरबी जळते, पण सावकाश. साखर तळाला गेली की वेग पडतोच. म्हणजे मी वाटेत न खाता पळणार असेन, तर तिसाव्या किलोमीटरच्या पुढे कुठेतरी कोसळणं ठरलेलंच होतं.

दुसरी चूक ओआरएसची. दर स्टेशनवर ते पीत होते आणि त्यातून शक्ती मिळते असं समजत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे लिटरभर ओआरएसमध्ये ग्लुकोज असतं १३.५ ग्रॅम. पेलाभर प्यायलं की पोटात जाते जेमतेम अर्धा चमचा साखर. हगवण लागलेल्या लेकरासाठी ते अमृत आहे, पण पळणाऱ्याचं जेवण नव्हे. आणि त्याच्या जोडीला तहान नसताना ढोसलेलं साधं पाणी! २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा त्यातल्या १३ टक्के लोकांच्या रक्तातलं सोडियम, म्हणजे मीठ, घसरलेलं निघालं, आणि शर्यतीत पाणी पिऊन वजन वाढलेल्यांमध्ये हा धोका सर्वांत जास्त दिसला. हे वाचलं तेव्हा बांगडी आठवली. माझं रक्त तेव्हा कुणी तपासलं नव्हतं, पण पोट फुगणं, मळमळ, सुजलेली बोटं, सगळं जुळत होतं.

२०२४ साठी नाव घातलं आणि सप्टेंबरच्या मध्यापासून अठरा आठवड्यांचं वेळापत्रक केलं. पळण्याचा भाग थोडक्यात सांगते, कारण तो कुठेही मिळेल. आठवड्यातून चार दिवस. मंगळवार आणि शनिवार निवांत, शेजारणीशी बोलत बोलत पळता येईल असे. गुरुवारी शर्यतीच्या वेगाने. रविवारी लाँग रन, म्हणजे आठवड्यातलं सर्वांत लांब पळणं. तीन आठवडे अंतर वाढवायचं, चौथ्याला उतरवायचं. १६ किलोमीटरपासून ३२ पर्यंत गेले. ३२ चा शेवटचा लाँग रन शर्यतीच्या तीन आठवडे आधी, मग टेपर, म्हणजे पळणं हळूहळू कमी करणं. यवतेश्वरचा घाट फक्त गुरुवारचे काही दिवस ठेवला; रविवारी माहुलीचा पूल ओलांडून कोरेगावच्या रस्त्याला. तो बराचसा सपाट, आणि मुंबई सपाटच आहे, पेडर रोड सोडला तर. सुरुवातीलाच रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन १०.२, हवं त्यापेक्षा कमी. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि गोळीच्या आगेमागे चहा बंद केला. बायकांनो, बूट घ्यायच्या आधी ही तपासणी करा. मी सहा महिने ज्याला आळस समजत होते तो आळस नव्हता.

आता पोटाचं सांगते, कारण खरी तालीम तिथे झाली.

पळताना रक्त पायांकडे जातं, पोटाला कमी मिळतं. त्या अवस्थेत अन्न पचवायची सवय आतड्याला लावावी लागते आणि ती लागते, फक्त आठवडे जावे लागतात. आमच्या ग्रुपमध्ये बरेच जण लाँग रन उपाशीपोटी करतात, त्याने चरबी जळते म्हणून. मी ते बंद केलं. दर रविवारी निघण्याआधी खायचं आणि वाटेत खायचं, वहीत ग्रॅम लिहून. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं घ्यावीत असं सांगतात. मी २० पासून सुरुवात केली.

केळ्यात २५ ग्रॅम मिळतात, पण कमरेच्या पट्ट्यात पाच किलोमीटरमध्ये त्याचं शिकरण होतं. गुळाचा खडा चवीला चांगला, पण घसा धरतो आणि पाणी मागतो. शेंगदाण्याच्या चिक्कीचा कण धापा टाकताना घशात गेला आणि माहुलीच्या पुलावर मी पाच मिनिटं खोकत उभी राहिले. शेंगदाण्यातलं तेल पचायला वेळ घेतं ते वेगळंच. मीठ लावलेला उकडलेला बटाटा पोटाला सर्वांत मानवला. मात्र तो कोरडा, दर घासाला पाणी हवं. खजूर उत्तम: बी काढून अर्धा केला की दोन चावात गिळता येतो, एकात साधारण ५ ग्रॅम. पण नुसत्या खजुरावर पाच तास काढले तर चोथा फार होतो. शेवटी जेलकडे वळलेच. पाकिटावर २२ ग्रॅम लिहिलेलं. पहिल्या दोन रविवारी पोटात कळ आली, तिसऱ्या रविवारी काही नाही. कळ येण्याचं कारण मीच होते: जेल पाण्याबरोबर घ्यायचं असतं, मी ते लिंबू सरबताबरोबर घेत होते. साखरेवर साखर.

नोव्हेंबरअखेर रीत बसली. दर पंचवीस मिनिटांनी घड्याळ वाजणार. एकदा जेल, एकदा दोन खजूर. एका हातात अर्ध्या लिटरची बाटली, त्यात लिंबू, सहा चमचे साखर, चिमूटभर मीठ. ती खजुराबरोबर. जेलबरोबर आणि ती संपली की रस्त्यावरचं साधं पाणी, तेही घोटभर आणि तहान लागेल तसं. किती घाम जातो हे बघायला ऑक्टोबरमधल्या एका उन्हाच्या दुपारी वजन करून दोन तास पळाले. जाताना ५८.२, आल्यावर ५७, मध्ये अर्धा लिटर प्याले होते. म्हणजे दोन तासांत १.७ लिटर घाम. तो सगळाच्या सगळा भरून काढायचा नसतो. वजन वाढता कामा नये, एवढं ध्यानात ठेवलं.

हे सगळं न्यायचं कसं? बाजारातला पट्टा उड्या मारायचा. सासूबाईंनी चार दिवस ते बघितलं आणि जुन्या खणाच्या तुकड्याची चंची शिवली, तीन कप्प्यांची, आतून पातळ प्लॅस्टिक लावून. पूर्वी पान-तंबाखूची असायची ना, तशीच, फक्त कमरेला नाडीने आवळायची. एका कप्प्यात जेल, दुसऱ्यात खजूर, तिसरा रिकाम्या पाकिटांना. "रस्त्यावर कचरा टाकू नकोस," एवढीच त्यांची अट. त्या स्वतः वारीला जात, माउलींच्या पालखीबरोबर लोणंदपासून पंढरपूरपर्यंत. चालताना कनवटीला काय बांधायचं, हे त्यांना सांगावं लागत नाही.

खटका उडाला तो शेवटच्या दोन दिवसांत. शुक्रवार-शनिवार मिळून साठा भरायचा, किलोला ८ ग्रॅमच्या हिशेबाने मला रोज ४६० ग्रॅमच्या वर कर्बोदकं हवी होती, आणि चोथा कमी. म्हणजे ज्वारीची भाकरी बंद, मटकी बंद, मेथी बंद. "भाकरी सोडून कसली ताकद येणार गं?" सासूबाईंना पटेना. मऊ भात आणि मेतकूट, शिकरण-पोळी, बटाट्याची भाजी, साबुदाण्याची खीर, कमी तुपाचा शिरा, कोकम सरबत. शनिवारी संध्याकाळी वजन दीड किलोने वाढलेलं. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. साठवलेल्या साखरेच्या दर ग्रॅमबरोबर शरीर तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं.

परळला नणंदेकडे उतरले होते. पहाटे अडीचला उठून ब्रेडचे तीन तुकडे जॅम लावून, एक केळं, चहा. पाचच्या सुमारास सीएसएमटीहून सुटलो. साताऱ्याच्या कोरड्या थंडीतून आलेल्या माणसाला मुंबईची हवा ओल्या पंच्यासारखी अंगाला चिकटते. म्हणून पहिले दहा किलोमीटर मुद्दाम मागे राहिले. लोक भराभर पुढे जात होते, जाऊ दिले. सी लिंकवर असताना उजाडलं. वारा होता, पाय हलके होते, खायची अजिबात इच्छा नव्हती. घड्याळ वाजलं, मी खाल्लं. माहीमपासून शिवाजी पार्कपर्यंत माणसं दाराबाहेर उभी राहून संत्र्याच्या फोडी, बिस्किटं, चॉकलेटं देत होती. एक आजी खुर्चीवर बसून मीठ लावलेल्या काकड्या देत होत्या. मन भरून येत होतं, पण मी नुसते हात जोडून पुढे जात होते. पोटाला जे शिकवलं होतं तेच द्यायचं ठरलं होतं.

प्रभादेवी आली. बत्तिसावा किलोमीटर. मी 'वॉल'ची वाट बघत होते. मांड्या ठणकत होत्या, डाव्या पायाचं नख हुळहुळत होतं, पण डोकं जाग्यावर होतं. पुढच्या खांबापर्यंतची पावलं मोजता येत होती. गेल्या वर्षी इथे मला माझा छातीवरचा बिब नंबरही आठवत नव्हता. पेडर रोडचा चढ शंभर पावलं पळत, वीस पावलं चालत चढले. घाट चढणाऱ्या पायांना तो फार मोठा नाही. वर पोचल्यावर कठडा दिसला. हात लावला नाही.

५ तास २४ मिनिटं. बांगडी मनगटात खुळखुळत होती.

सोमवारी घरी आले आणि चंची धुवायला टाकली, तशी सासूबाईंनी आधी ती उलटी करून झटकली. सहा रिकामी पाकिटं पडली. मग खजुराच्या कप्प्यातून दोन खजूर निघाले, चिकटून एक झालेले.

"बारा दिले होते," त्या म्हणाल्या. "हे दोन कुठे राहिले?"

मी आठवून पाहिलं. मरीन ड्राइव्हवर घड्याळ वाजलं होतं. समोर समुद्र होता, दोन्ही बाजूंना माणसं ओरडत होती, आणि मी खायची विसरले होते.