भाव खोक्याला

"काका, ह्याचे किती येतील?" पोरानं जुनी सुटकेस काउंटरवर ठेवत थेट विचारलं. बाप-लेक सांगलीच्या खणभागातले. बाप पन्नाशीकडे झुकलेला, पोरगा वालचंद कॉलेजात शिकणारा. २०२१ च्या जुलैत अमेरिकेतल्या लिलावात 'सुपर मारिओ ६४' ह्या व्हिडिओ गेमची एक सीलबंद कॅसेट १५ लाख ६० हजार डॉलरला गेली, म्हणजे साडेअकरा कोटींच्या वर. तो व्हिडिओ पोराच्या हाती लागला होता. गणपती पेठेत माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान, म्हणून माझ्याकडे आले.

वर होत्या त्या आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या, '९९९९ इन १' वाल्या कॅसेट. एक उघडून दाखवली. आत चिपच्या जागी डांबराचा वाळलेला थेंब असावा तसा काळा ठिपका. असला माल गल्लोगल्ली खपला, त्याला कोण विचारतो! पोराचं तोंड उतरलं.

तळाशी मात्र निन्टेंडो ह्या जपानी कंपनीचं अस्सल गेमचं मशीन निघालं, आणि 'द लेजंड ऑफ झेल्डा' ह्या गेमची सोनेरी कॅसेट, पुठ्ठ्याच्या खोक्यासकट. आत पुस्तिका, नकाशा, सगळं कोरं.

"मामानं अमेरिकेतनं आणलेलं, १९८८ ला," बाप म्हणाला. "पिन लावली आणि धूर."

निघणारच. तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३०. अडॅप्टर जळला नसता तरी चित्र धड आलं नसतं. तिकडचं प्रसारण एनटीएससी पद्धतीचं, आपले तेव्हाचे टीव्ही पाल पद्धतीचे. आजीनं वैतागून सगळं माळ्यावर टाकलं. म्हणून तर ते राहिलं.

पोराला वाटलं, सोनेरी म्हणजे दुर्मिळ. मी म्हटलं, "बाबा, झेल्डा साठ लाखांहून जास्त खपलीय." कंपनीनंच बाजारातून मागे घेतलेली कॅसेट दुर्मिळ होते, १९८७ च्या 'स्टेडियम इव्हेंट्स'सारखी. किंवा जी दुकानात कधी आलीच नाही ती. १९९० च्या निन्टेंडो वर्ल्ड चॅम्पियनशिप्स स्पर्धेच्या करड्या कॅसेट ९०, सोनेरी फक्त २६. बाकी ठिकाणी भाव खोक्याला. प्लास्टिक टिकतं, खोकं पोरं पहिल्याच दिवशी फाडतात. सीलबंद झेल्डाला ८ लाख ७० हजार डॉलर मिळाले, ते सील शाबूत होतं आणि छपाई अगदी सुरुवातीची होती म्हणून. ह्यांचं सील मामानंच फोडलेलं, तेव्हा लाखाच्या गोष्टी नकोत. पण २०१९ ला आयर्विन पुलापाशी पुराचं पाणी ५७ फुटांवर गेलं, त्या गावात पुठ्ठ्याचं खोकं कोरडं राहतं, ह्याचंच मला जास्त अप्रूप.

"चालतंय का बघा की," बाप म्हणाला.

ह्या मशीनला नऊ व्होल्ट एसी लागतो, पण आत एसीचा डीसी करणारा ब्रिज रेक्टिफायर असल्यानं आपला साधा डीसी अडॅप्टरही चालतो. बाजूच्या पिवळ्या-लाल सॉकेटमधून वायर एलसीडी टीव्हीला दिली. नवे टीव्ही एनटीएससी ओळखतात. लाल दिवा नुसता लुकलुकायला लागला. पोरगा कॅसेटमध्ये फुंकर मारायला गेला, मी हात धरला. तोंडाच्या ओलीनं पिना गंजतात. इअरबडला आयपीए, म्हणजे सफाईचं अल्कोहोल, लावून पिना पुसल्या, कॅसेट पुन्हा बसवली आणि धबधब्याचं चित्र आलं.

बाप स्टुलावर बसला. खेळात दोन मिनिटांत मेला, परत सुरू केलं. माझा एक मिक्सरवाला तासभर ताटकळला, पण तोही बघतच उभा.

खेळ जतन करायला आत सेल असतो. "तो बदलून द्या," पोरगा म्हणाला. मी नको म्हटलं. आतून कधीच न उघडलेली कॅसेट संग्राहकाला जास्त प्यारी.

"मग विकूया?"

"मशीन वीक, कॅसेट वीक," बाप म्हणाला. "खोकं न्हाई. मामाचं अक्षर हाय त्यावर."

उलटून बघितलं. मागं निळ्या बॉलपेननं ठळक, 'चि. बाळूस, अभ्यास झाल्यावर खेळणे'. मी पोराला सांगितलं, पेनानं लिहिलं की खोक्याचा भाव पडतोच, आणि खोकं नसलं तर कॅसेटला चारचौघींसारखाच भाव.

"झालं तर मग," बापानं खोकं काखेत मारलं. "अडॅप्टरचे किती द्यायचे?"