गोव्यात शाकाहारी डबा चालवताना

साताऱ्याचे पाहुणे फोनवर म्हणतात, "गोव्यात काय बाबा, मज्जाच मज्जा!" मज्जा आहे, नाही कोण म्हणतंय. पण पोळ्यांच्या तव्यापुढून समुद्र दिसत नाही. माझं पोळीभाजी केंद्र म्हापशाच्या बाजाराजवळ. गिऱ्हाईक म्हणजे बँकेतले, कोर्टातले, दुकानांतले लोक. पर्यटक चुकून एखादा.

सगळ्या गोव्याचा सीझन ऑक्टोबरपासून, आमचा मात्र पावसाळ्यात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. ताजे मासे महागतात, सुक्यावर माणूस किती दिवस काढणार? तेवढ्यात श्रावण येतो आणि घरोघरी शिवराक, म्हणजे शाकाहारी जेवण सुरू होतं. एरवी माशांशिवाय घास न उतरणारे लोक "बाय, उसळ आसा?" करत दारात उभे. एरवीच्या आठवड्यातही सोमवारी अनेक हिंदू घरांत मासळी नसते, त्यामुळे त्या दिवशी पीठ दीडपट मळावं लागतं. फक्त उसळीत खोबरं हवं. आपलं सातारी झणझणीत वाटण इथल्या माणसाला पहिल्या घासाला आवडतं, दुसऱ्या घासाला तो पाणी मागतो.

अडचण भाजीची. बरीचशी भाजी बेळगावहून येते. पावसात चोर्ला घाटात दरड नाहीतर झाड पडलं, की गाडी अडकते आणि टोमॅटोचा भाव सकाळी एक, दुपारी दुसरा. त्यात फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावर सवलतीत भाजी मिळते, तो दर गिऱ्हाइकाला तोंडपाठ. डब्याचे दहा रुपये वाढवा म्हटलं की तोच दर तोंडावर फेकतात. गॅस, तेल, भाडं, डबे पोचवणाऱ्या पोराचं पेट्रोल, ह्याचा हिशेब कुणी विचारत नाही.

सव्वाबारा ते दीड, एवढ्यात दिवसाचा धंदा आटोपतो. त्यानंतर अख्खा बाजार झोपतो, चारशिवाय शटर वर जात नाही. सुरुवातीला माझा जीव खालीवर व्हायचा. आता मीही त्या वेळात उधारीची वही काढून बसते. महिन्याचे डबेवाले पाच तारखेला पैसे देतो म्हणतात. कुठल्या महिन्याची पाच, ते सांगत नाहीत.

खरी डोकेदुखी माणसांची. चवथीला, म्हणजे गणपतीत, सगळे गावी, तेव्हा मीही कुलूप लावते, भांडण नको. पण ऑक्टोबरात किनाऱ्यावर शॅक, म्हणजे झोपडीवजा हॉटेलं, उभे राहायला लागले, की हाताखालची पोरं जास्त पगारावर कळंगुट-बागाकडे पळतात. त्यांना दोष कसा द्यावा? तेवढा पगार मला परवडत नाही. म्हणून यंदा दोडामार्गकडच्या दोघी बायकांना आधीच बोलून ठेवलंय. पोळ्या दोघींच्याही सुरेख, पगारही ठरला. निघता निघता एकीने विचारलं, "ताई, सोमवारची सुटी देशील मां?"